थर रॉडवर, घाला कॉइलवर

डिसेंबर उजाडला की मुनिरक्याच्या अरुंद गल्ल्यांतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत पाणी तापवायचे रॉड दर्शनी भागात लटकू लागतात. जेएनयूच्या शेजारचं हे जुनं गाव आता भाड्याच्या खोल्यांनी खच्चून भरलंय. शिकायला, स्पर्धा परीक्षांना, नोकरीला आलेल्या मुलांना खोलीत गीझर मिळेलच असं नाही. दिल्लीची थंडी मात्र सगळ्यांना सारखीच मिळते. मग एक बादली आणि एक रॉड. लातूर-नांदेडहून आलेल्या मुलाला ही जोडी घरूनच ओळखीची असते. होळीपर्यंत रॉडवर पांढरी, खडबडीत पुटं चढतात आणि पुढच्या थंडीत तो कधीतरी गपकन बंद पडतो. ‘पाणीच खराब,’ असं म्हणून नवा आणला जातो.

हे निदान खोटं नाही, पण अर्धंच आहे.

बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणता चालवून घेतली आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६००. समजा आपल्या बादलीतल्या पाण्याची कठीणता ४०० आहे. मग २० लिटरच्या बादलीत खडूच्या हिशेबाने ८ ग्रॅम ऐवज दडलेला असतो. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळतात. या क्षारांचं उलटं आहे. पाणी तापलं की बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट मागे उरतं. बादलीतलं पाणी अंघोळीपुरतं, ४५ अंशांवर असलं तरी रॉडला चिकटलेली पाण्याची पातळ पापुद्री जवळपास उकळत असते. म्हणून पुटं बादलीवर कमी आणि रॉडवर जास्त. रॉड तापताना प्रसरण पावतो, थराला तडे जातात. बादलीच्या तळाशी सापडणाऱ्या पांढऱ्या कपच्या त्याच्याच.

आता रॉडच्या पोटात काय असतं ते पाहू. बाहेरची चकचकीत नळी वीज नेण्यासाठी नसते. तिच्या मध्यावर निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची, बारीक गुंडाळी असते आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी गच्च ठासलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज अडवते. असे दोन्ही गुण एकत्र असलेले पदार्थ फार नाहीत. गुंडाळीतली उष्णता भुकटीतून नळीत, नळीतून पाण्यात. मधे क्षारांचा थर आला की वाट अडते.

किती अडते? १५०० वॅटचा रॉड घ्या. नळीची लांबी साधारण एक मीटर आणि जाडी ८ मिलिमीटर धरली तर पृष्ठभाग भरतो सुमारे २५० चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून ६ वॅट बाहेर पडायला हवेत. नळीच्या तांब्यातून ते सहज पडतात. क्षारांचा थर तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी मंद वाहक. ढोबळ हिशेबाने एक मिलिमीटर थर असला की नळी ६० अंशांनी अधिक तापते, दोन मिलिमीटरला १२० अंशांनी.

इथे एक समजूत तपासायला हवी. ‘थर बसला की वीज जास्त जाते,’ असं सर्रास सांगितलं जातं. गॅसवरच्या बॉयलरला ते लागू आहे, कारण न शोषलेली उष्णता धुराड्यातून निघून जाते. बुडालेल्या रॉडला पळवाटच नाही. त्याचे १५०० वॅट अखेर पाण्यातच जातात. १५ अंशांचं २० लिटर पाणी ४५ अंशांवर न्यायला नव्या रॉडला सुमारे २८ मिनिटं लागतात, पुटं चढलेल्यालाही जवळपास तेवढीच. किंमत मोजते ती आतली गुंडाळी.

नायक्रोम तापली की तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचं पातळ कवच धरतं आणि तेच तिला जपतं. तापमान वाढत गेलं की ऑक्सिडेशन वेगाने होतं, तार झिजते. जिथे बारीक झाली तिथे रोध वाढतो, रोध वाढला की तिथेच उष्णता जास्त, म्हणजे आणखी झीज. शेवटी तुटते ती एकाच जागी.

ई-सिगारेटच्या अॅटोमायझरची कॉइल याच जातीच्या दुखण्याने जळते. तिथे तारेभोवती कापसाची वात असते आणि वातीतला ग्लिसरीन-ग्लायकॉलचा द्रव वाफ होता होता तारेला थंड ठेवतो. गोडव्यासाठी घातलेले पदार्थ करपून तारेवर काळा थर धरतात, वात कोरडी पडते आणि तापमान उसळलं की द्रवाचंच विघटन होऊन फॉर्मल्डिहाइड, अॅक्रोलिन असे विषारी वायू निघतात. भारतात सप्टेंबर २०१९च्या अध्यादेशाने आणि नंतर कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, साठवण, जाहिरात सगळंच बंद आहे. तेव्हा ती कॉइल कशी घासावी हे सांगायचं कारण नाही. रॉडकडे वळू.

थर सुरीने खरवडू नये. नळीवरचा मुलामा निघतो आणि खरबरीत झालेल्या जागी पुढचा थर अधिक घट्ट बसतो. किराणा दुकानातलं सायट्रिक अॅसिड, आपल्याकडचं लिंबूसत्व, दोन-तीन मोठे चमचे लिटरभर कोमट पाण्यात घालावं. प्लग काढलेला, गार झालेला रॉड त्यात फक्त नळीच्या वेटोळ्यापुरता बुडवावा. वरचं प्लॅस्टिकचं डोकं कोरडंच राहिलं पाहिजे. लगेच बारीक बुडबुडे सुटतात. क्षार बनताना उडून गेलेला तोच वायू आता उरलेल्यातूनही बाहेर पडत असतो. तासा-दोन तासांनी थर भुसभुशीत होतो, मऊ ब्रशने निघतो. व्हिनेगरही चालतं, वेळ जास्त लागतो. संडास धुवायचं अॅसिड मात्र नको. ते क्षारांबरोबर धातूही खातं आणि मोरीएवढ्या बंद खोलीत त्याचा धूर नाकात जातो. सल्फेटचे क्षार असतील तर लिंबूसत्वाचं फारसं चालत नाही. तेव्हा थर पातळ असतानाच, थंडीत महिन्याकाठी एकदा हे उरकलेलं बरं.

बादली भरण्याआधी बटण दाबणं हा रॉड मारण्याचा सर्वांत जलद मार्ग. हवा पाण्यासारखी उष्णता ओढून नेत नाही, नळी बघता बघता लाल होते. मग तडा गेला की पाणी आतल्या भुकटीत शिरतं आणि वीज अडवणारी भुकटीच तिला वाट करून देते. असा रॉड पाणी तापवत राहतो, म्हणून तो धडधाकट वाटतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, असेल तर तो दर वेळी पडतो, आणि लोक वैतागून रॉडऐवजी त्यालाच दोष देतात. आरसीसीबी नसेल, अर्थिंग धड नसेल, तर हे ओळखायचं कुणी? पाण्यात बोट घालून बघणाऱ्यानेच. त्यामुळे बटण बंद, प्लग बाहेर, मगच पाण्याला हात. आणि आरसीसीबी पाडू लागलेला रॉड दुरुस्तीला नेऊ नये. ती नळी पुन्हा उघडून ठासता येत नाही.