एकट्याचा बँड

क्वीन या बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तला दणदणीत कोरस गायला फक्त तिघांनी. १९७५मध्ये २४ ट्रॅकच्या टेपवर आवाजांचे थर चढत गेले आणि टेप इतकी झिजली, की आरपार दिसू लागलं! त्यांतला फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला. तिथल्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा.

आज हेच गाणं खामगाव-चिखलीतल्या घरात, एका लॅपटॉपवर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून उभं करता येतं.

आधी मेट्रोनोमची टिकटिक, मग ड्रम, बास, गिटार, शेवटी गळा. खरी अडचण वाजवणं आणि ऐकू येणं यांतल्या उशिराची. संगणक आवाज तुकड्यांत हाताळतो. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि २५६ नमुन्यांचा तुकडा, म्हणजे बफर, धरला, तर जाता-येता सुमारे १२ मिलिसेकंद जातात. तेवढ्यात ध्वनी हवेतून चार मीटर पुढे जातो. हे कानाला चालतं. बफर १०२४ केला, की कानांवर पडणारं वाद्य बोटांच्या मागे रेंगाळतं आणि ताल सुटतो.

खोलीकडेही लक्ष हवं. बुलढाण्याच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून गाणं म्हणजे तपश्चर्याच, पण माइक घरघर सोडत नाही. भिंतींवर गोधड्या टांगल्या, की वरच्या स्वरांचा घुमारा शोषला जातो. बासचा मात्र नाही: ८० हर्ट्‌झची ध्वनिलहर चार मीटरहून लांब असते, तिच्यापुढे गोधडीची जाडी नगण्य.