मोटारगाडीची इंधन बचत

मोटारगाडीची इंधन बचत म्हणजे गाडी चालवण्याच्या सवयी, नियमित देखभाल आणि साधे फेरबदल यांच्या साहाय्याने तेवढेच अंतर कमी इंधनात कापणे. भारतात इंधन कार्यक्षमता किलोमीटर प्रति लिटर या एककात सांगतात. बोलीभाषेत तिला ‘मायलेज’ किंवा ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. वर्षाला १०,००० किमी धावणाऱ्या गाडीचे मायलेज १५ वरून १८ झाल्यास सुमारे १११ लिटर इंधन वाचते.

पार्श्वभूमी

इ.स. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन काटकसरीला जगभर महत्त्व आले. भारतात १९७८ साली पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन (पीसीआरए) ही संस्था स्थापन झाली. वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही पुण्यात आहे. चाचणीतील मायलेज प्रयोगशाळेत ठरावीक वेगक्रमाने मोजले जाते. त्यामुळे प्रत्यक्ष रस्त्यावरील आकडा सहसा त्याहून कमी येतो.

चालवण्याच्या सवयी

* वेग : हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किमी वेगाने गेल्यास हा रोध सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. पीसीआरए ताशी ४५ ते ५५ किमी वेगाची शिफारस करते.
* ब्रेक : प्रत्येक ब्रेकसोबत, इंधन जाळून मिळवलेली गती उष्णतेच्या रूपात वाया जाते. पुढील रहदारी पाहून अ‍ॅक्सिलरेटर आधीच सोडणे हितकारक ठरते.
* उभी गाडी : फाटकावर किंवा सिग्नलला जास्त वेळ थांबायचे असल्यास इंजिन बंद करावे.
* उतार : उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यास इंधन वाचते, हा समज आधुनिक गाड्यांना लागू नाही. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फ्युएल इंजेक्शन प्रणाली इंधनपुरवठा बहुधा बंद करते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू राहण्यासाठी इंधन लागतेच. शिवाय इंजिनाचा रोध मिळत नसल्याने ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. चाळीसगाव–कन्नड दरम्यानच्या औट्रम घाटासारख्या वळणांच्या उतारावर ही सवय जीवघेणी ठरू शकते.

देखभाल

टायरमधील हवा कमी असल्यास घर्षण वाढते. योग्य दाब सहसा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर दिलेला असतो आणि तो टायर थंड असताना तपासावा लागतो. खानदेशात याला विशेष महत्त्व आहे; जळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. धरणगावहून पाळधीमार्गे जळगावला पोहोचल्यावर भर दुपारी दाब मोजल्यास तो वाढलेला दिसतो. तेव्हा हवा काढून टाकल्यास टायर थंड झाल्यावर दाब अपुरा पडतो. म्हणून सकाळी, निघण्यापूर्वी तपासणी करणे योग्य.

उन्हात तापलेल्या गाडीत वातानुकूलन यंत्रावर मोठा भार पडतो. गाडी सावलीत उभी करणे आणि सुरुवातीला काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ देणे, यामुळे हा भार कमी होतो. धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर लवकर भरतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत त्याचा मायलेजवर थेट परिणाम होतो. इंजिन ऑइल निर्मात्याने सांगितलेल्या श्रेणीचेच वापरावे.

साधे फेरबदल

वापरात नसलेला टपावरचा कॅरिअर काढून ठेवणे आणि डिकीतील अनावश्यक सामान उतरवणे, हे बिनखर्चाचे उपाय आहेत. इंधनवाहिनीवर बसवायची चुंबके व तत्सम उपकरणे यांबाबत सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा शंभराहून अधिक उत्पादनांची तपासणी केली; त्यांपैकी मोजक्याच उत्पादनांचा किरकोळ फायदा आढळला. सीएनजी संच मान्यताप्राप्त असावा व बसवल्यानंतर त्याची नोंद आरटीओ कार्यालयात करावी लागते.

मायलेज मोजण्याची पद्धत

टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा टिपावा. काही दिवसांनी, शक्यतो त्याच पंपावर, टाकी पुन्हा पूर्ण भरावी. कापलेल्या अंतराला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागल्यास मायलेज मिळते. ४८० किमीनंतर ३० लिटर इंधन लागल्यास मायलेज १६ येते. एका मोजणीवर विसंबण्यापेक्षा तीन-चार वेळांची सरासरी अधिक विश्वासार्ह असते. सवय बदलल्याचा परिणामही तीवरूनच कळतो.