मागच्या रांगेचा कान

तिसऱ्या घंटेला अजून दहा मिनिटं आहेत. रत्नागिरीच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात पडदा बंद आहे आणि रंगमंचाच्या खाली, डाव्या हाताला, साथीदार बसलेत. ऑर्गनवाल्यानं काळी चार धरून ठेवलीय. तबलजी गट्ट्यावर हातोडी मारतोय, कान जवळ नेतोय, पुन्हा एक टोला. माझ्या शेजारच्या खुर्चीत पंच्याहत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ आहेत. पिशवी मांडीवर, छत्री पायाशी. तबला सुरात लागला त्या क्षणी त्यांनी मान किंचित हलवली. नाटक सुरू व्हायचं होतं, पण त्यांची दाद सुरू झाली होती.

राज्य संगीत नाट्यस्पर्धेतला तो प्रयोग होता. ही स्पर्धा रत्नागिरीत वर्षानुवर्षं रंगत आली आहे. खुर्च्या सगळ्या भरल्या नव्हत्या, पण आलेले लोक ऐकायला आलेले होते. नायिकेच्या पहिल्या पदाला मागच्या रांगांतून ‘वा’ आली. दुसऱ्या पदात तिनं वरच्या षड्जावर थोडं जास्त थांबायचं धाडस केलं, आणि शेजारच्या आजोबांनी हात वर करून स्पष्ट आवाजात म्हटलं, ‘वन्समोअर!’ मुलीनं ऑर्गनवाल्याकडे पाहिलं. त्यानं सूर सोडला नव्हता. तबलजीनं समेवर बोट टेकवून वाट पाहिली. तिनं अंतरा पुन्हा घेतला, या खेपेला वेगळ्या वळणानं. मोठ्या सभागृहात एका म्हाताऱ्या माणसाच्या एका शब्दानं प्रयोगाची पुढची दीड-दोन मिनिटं बदलून गेली.

मला या लेखात त्या दीड-दोन मिनिटांबद्दलच बोलायचं आहे.

संगीत नाटक आता लहान झालंय. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, त्यानंतरची पन्नास वर्षं नाटक मंडळी म्हणजे एक चालतं-फिरतं गाव असायचं. नट, गवई, साथीदार, आचारी, कपडेपटवाले, पडदे रंगवणारे. गंधर्व मंडळींच्या साथीला थिरकवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्ष यांची सारंगी होती. आजच्या दौऱ्याच्या हिशेबात ते बसत नाही. नाटकाची बस, डिझेल, नाट्यगृहाचं भाडं, कलाकारांची नाइट, लॉजिंग. कोकणातला काँट्रॅक्टर पहिला प्रश्न विचारतो, ‘माणसं किती?’ वीस सांगितली तर गप्प बसतो. म्हणून संगीत नाटकानं दौऱ्यावर जायचं ठरवलं की ते चार पात्रांत येतं, तीन पात्रांत येतं, आणि कधी दोन.

दोन पात्रांचं उदाहरण मराठीत आता सगळ्यांच्या ओठांवर आहे: ‘संगीत देवबाभळी’. नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांचं लेखन-दिग्दर्शन, आनंद ओक यांचं संगीत, भद्रकाली प्रॉडक्शन्सची निर्मिती. आधी एकांकिका होती, डिसेंबर 2017 मध्ये पूर्ण नाटक म्हणून आली. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी, रंगमंचावर दोघीच. एक तुकोबांची आवली, दुसरी लखूबाई म्हणून तिच्या घरी राहायला आलेली प्रत्यक्ष रखुमाई. भाकरी घेऊन नवऱ्याला शोधत निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो, तो विठ्ठल काढतो, आणि तिची जखम बरी होईपर्यंत रखुमाई तिच्या घरात काम करते. एवढंच कथानक. पुढे या नाटकाला 2020 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर 2023 मध्ये निरोपाचा म्हणून जाहीर झालेला प्रयोग मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात झाला. त्या सभागृहात अडीच हजारांहून जास्त आसनं आहेत. चूल, घागर आणि दोन बायका, समोर अडीच हजारांचं घर!

न्यूयॉर्कमध्येही असं घडलेलं आहे. ‘वन्स’ हे संगीतक 2011 च्या डिसेंबरात दोनशेच्या आतल्या प्रेक्षागृहात सुरू झालं आणि 2012 च्या मार्चमध्ये हजारावर आसनांच्या ब्रॉडवे थिएटरात गेलं. त्यांनी रंगमंचावरच एक पब उभा केला होता आणि नाटक सुरू होण्यापूर्वी प्रेक्षकांना वर येऊन पेय घ्यायची मुभा दिली. अंतर कमी करायचा तो त्यांचा मार्ग. आपल्याकडे त्याची गरज पडत नाही, कारण आपला प्रेक्षक गाण्यातून रंगमंचावर चढतो. मात्र सगळीकडचा प्रेक्षक एकाच गाण्यातून चढत नाही.

रत्नागिरीच्या प्रेक्षकाला मी तीन कान मानतो.

पहिला नाट्यसंगीताचा. हा कान या शहराला आपसूक आलेला नाही. सावरकर 1924 ते 1937 इथे स्थानबद्ध होते, आणि त्या काळात त्यांनी नाटकंही लिहिली. ‘संगीत उःशाप’ 1927 चं, ‘संगीत संन्यस्त खड्ग’ 1931 चं. दुसऱ्या नाटकाला वझेबुवांनी चाली दिल्या आणि मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं. राजकारणाला बंदी असलेल्या माणसाला आपला विचार लोकांपुढे न्यायला नाट्यपदाची वाट मोकळी दिसली, यावरून त्या काळच्या श्रोत्याचा अंदाज येतो. पुढे गोव्याच्या बाजूनं अभिषेकीबुवा आले. 1964 च्या ‘मत्स्यगंधा’तली पदं आजही इथल्या गणेशोत्सवात कुणी ना कुणी म्हणतंच. आणि गेल्या पाव शतकाहून अधिक काळ ‘खल्वायन’ ही संस्था दर महिन्याला संगीत सभा भरवते आणि संगीत नाटकं उभी करते. दिवसभर नोकरी-धंदा करणारी माणसं संध्याकाळी तालमीला बसतात. पदाची चाल चुकली तर रत्नागिरीचा प्रेक्षक नाराज का होतो, याचं कारण अशा तालमींत आहे. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांनी ते पद स्वतः घोटलेलं असतं.

दुसरा कान भजनाचा. तो मोठा आहे, आणि त्याची नोंद नाटकावर लिहिणारे क्वचितच घेतात. शहरातल्या विठ्ठल मंदिरात कार्तिकी एकादशीला लोटणारी गर्दी, पावसला स्वामी स्वरूपानंदांचा मठ आणि त्यांची अभंग ज्ञानेश्वरी, वाडीवाडीतली भजनी मंडळं, श्रावणातले सप्ताह. या कानाला राग ओळखता येईलच असं नाही, पण अभंगाची ठेवण कुठे मोडली ते लगेच कळतं. तो टाळ्या वाजवत नाही. त्याची दाद म्हणजे ओठ हलणं. ‘देवबाभळी’ मी मागच्या रांगेतून पाहिलं तेव्हा माझ्या पुढच्या ओळीत नऊवारीतल्या तीन बायका होत्या. अभंगाचा सूर उमटला की तिघींचे ओठ हलत. आवली देवाला फाडफाड बोलायला लागली तेव्हा त्यांतली एक मोठ्यानं हसली, आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. टाळी एकदाही वाजली नाही. त्या रांगेत प्रयोग पडला असं एखाद्या निर्मात्याला वाटलं असतं. मी मागे बसून पाहत होतो, म्हणून सांगतो, तो तिथेच सर्वांत जास्त पोचला होता.

तिसरा कान नमनाचा आणि जाखडीचा. शिमग्यात नमन, गणपतीत बाल्या नाच. मृदंगाचा ठेका, गण, गवळण, संकासुराची दंगल, आणि शक्ती-तुऱ्यातले सवाल-जवाब. हा प्रेक्षक बोलका आहे. त्याला उत्तर द्यायची सवय आहे. कलाकारानं डिवचलं की तो परत डिवचतो. हाच कान मुंबईला चाकरीसाठी गेला आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात रत्नागिरीच्या मंडळांची नमनं वर्षानुवर्षं घेऊन बसला. अंगणात रात्रभर चालणारा खेळ तिथे तीन तासांत बसवावा लागला, मृदंगापुढे माईक ठेवावा लागला, आणि तरी घर भरत राहिलं. लहान जागेचं संगीत मोठ्या सभागृहात नेण्याचा सगळ्यात जुना अनुभव कोकणाकडे असेल तर तो या नमनवाल्यांचा आहे. 2023 च्या अखेरीस पुनर्विकासासाठी दामोदर बंद झालं तेव्हा या मंडळांच्या गळ्याशी आलं, त्याबद्दल पुरेसं लिहिलं गेलं नाही.

भद्रकालीचा इथे दुसऱ्या कारणानं उल्लेख करायचा आहे. याच संस्थेचं नाव ‘वस्त्रहरण’शी जोडलेलं आहे. राजापूर तालुक्यातल्या माडबनचे गंगाराम गवाणकर त्याचे लेखक. 1980 साली ते आलं तेव्हा सुरुवातीला प्रेक्षक फिरकला नाही, पु. लं.नी मनापासून वाखाणलं आणि नशीब पालटलं. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे पाच हजारांवर प्रयोग केले. ‘वस्त्रहरण’ची दाद मोजता येते, हशा नाट्यगृहाबाहेर चहाच्या टपरीपर्यंत ऐकू येतो. ‘देवबाभळी’ची दाद मोजता येत नाही. एकाच घराण्यातली ही दोन नाटकं, आणि प्रेक्षकही पुष्कळसा तोच. तो शांत बसला म्हणजे कंटाळला, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता वन्समोअरकडे परत येतो.

आज दौऱ्यावरच्या संगीतप्रधान नाटकांत पुष्कळदा गाणं प्रत्यक्ष असतं, साथ ध्वनिमुद्रित. खर्च वाचतो, साथीदारांची बस वाचते, रोज तोच वाद्यमेळ मिळतो. गायिका खरंच गात असते, दम तिचाच लागतो, यात खोटं काही नाही. पण ट्रॅक थांबत नाही. प्रेक्षकानं ‘वा’ म्हटलं तरी आठव्या मात्रेला बासरी येणारच. षड्जावर जास्त थांबायची सोय नाही, कारण पुढचा तुकडा निघालेला असतो. हे दोन-चार प्रयोगांत प्रेक्षकाच्याही ध्यानात येतं, आणि तो हळूहळू मागणं सोडून देतो. दाद शेवटाला ढकलली जाते. पडदा पडला की सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात. ती दाद खरी असते. पण ती प्रयोगावर असते, प्रयोगात मिसळलेली नसते. ‘हल्लीचे प्रेक्षक पूर्वीसारखे रसिक राहिले नाहीत’ असं म्हणणाऱ्या जाणकारांशी माझं भांडण आहे ते इथे. प्रेक्षकाचा कान गेलेला नाही, त्याच्या हातचा लगाम काढून घेतलाय.

अभंग-ओवीच्या नाटकाला हे जाचत नाही, कारण भजनाचा कान वन्समोअर मागतच नाही. दोन पात्रांचं असं नाटक ट्रॅकवरही मोठ्या घरात तरतं, त्याचं एक कारण हे असावं. पण ख्याल अंगाच्या नाट्यपदांचं छोटं नाटक ट्रॅकवर नेलं की पहिला कान उपाशी राहतो. अशा नाटकानं दोनच साथीदार घ्यावेत, ऑर्गन आणि तबला, पण जिवंत घ्यावेत. स्पर्धेतल्या हौशी संस्था ते करतात आणि त्यांच्याकडे तर पैसा अजिबात नसतो.

दुसरी बाब नाट्यगृहाची. लहान नाटकाला लपायला जागा नसते. पंचवीस माणसं, तलवारी आणि बदलते पडदे असले की मागच्या रांगेला चार शब्द ऐकू आले नाहीत तरी डोळ्यांना काम असतं. दोन बायका चुलीपाशी बसून बोलत असतील तर एकेक अक्षर मागे जायला हवं. कोल्हापूरला 1915 साली उघडलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे नंतरचं केशवराव भोसले नाट्यगृह, अशा काळातलं होतं की आवाज माईकविना शेवटच्या खुर्चीपर्यंत जावा अशीच बांधणी करायची. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं तेव्हा तो बांधणीचा नमुनाही भाजला. त्या काळानंतर बांधलेल्या आपल्या जिल्हा नाट्यगृहांत आवाजाचं काम यंत्रांवर सोपवलं गेलं, आणि यंत्रांची देखभाल कुणाच्या तरी मंजुरीवर.

रत्नागिरीनं याचा चटका जाहीरपणे सोसला आहे. मे 2023 मध्ये भरत जाधव यांनी ‘तू तू मी मी’च्या प्रयोगाला वातानुकूलन आणि ध्वनिव्यवस्थेच्या दुरवस्थेबद्दल प्रेक्षकांची माफी मागितली आणि इथे पुन्हा प्रयोग करणार नाही असं सांगितलं. ती बातमी महाराष्ट्रभर झाली. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त लागलं ते माफीचं. नट घामानं निथळत होता आणि माफी तो मागत होता, तीही अशांची जे तिकीट काढून त्याच घामात बसले होते. विनोदी नाटक उकाड्यातही हशा ओढून घेतं. गाण्याचं लहान नाटक उकाड्यात मरतं. पंखे लावले तर त्यांची घरघर सुरावर बसते, बंद ठेवले तर प्रेक्षक कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेतो आणि त्या शेकडो कागदांची सळसळ मंद्र सप्तक गिळून टाकते. मी ती सळसळ ऐकलेली आहे. गायिकेनं नाइलाजानं स्वर वर उचलला, आणि दुःखाचं पद तक्रारीसारखं ऐकू यायला लागलं.

स्पर्धेच्या त्या रात्री मात्र हवा बरी होती. शेवटच्या अंकात नायिकेचा आवाज थकला होता, एका तानेत ती निसटली. आजोबांनी डोळे मिटले, पण मान हलवली नाही, नापसंतीचा ‘च्च’ही केला नाही. पुढच्या ओळीत ती सावरली तेव्हा ‘हां’ म्हणाले, एवढंच, शेजारच्यालाच ऐकू जाईल असं. भैरवी संपली. लोक उठले, कुणी एसटीच्या वेळा विचारत, कुणी पायऱ्यांवर चपला शोधत. आजोबा बसून राहिले. मी छत्री उचलून दिली तर म्हणाले, ‘थांबा हो, तो आवरतोय.’

खाली ऑर्गनवाला भाता बंद करून झाकण लावत होता. त्यानं वर पाहिलं. आजोबांनी दोन्ही हात जोडले. त्यानंही जोडले, आणि मग गवसणी चढवली.