‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे नेमका कुठे? मार्चमधला आठवड्याचा हवामान अंदाज असा वाचा

मार्च लागला की मोबाइलवर एक मेसेज हमखास फिरतो : ‘येत्या आठवड्यात राज्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस, काही जिल्ह्यांना यलो अलर्ट.’ निफाडचा शेतकरी तो वाचतो आणि कांद्याची काढणी सुरू करावी की थांबावं, या विचारात पडतो. तासगावात बेदाणा शेडवर टाकलेला असतो, तिथे घालमेल सुरू होते. पाऊस आलाच नाही, तर ‘हवामानवाल्यांचं काही खरं नसतं’ असं म्हणून पुढचा इशारा कुणी नीट वाचतही नाही. आणि नुकसान होतं ते नेमकं त्याच वेळी.

अंदाज कधी कधी चुकतो, हे खरंच. पण बऱ्याचदा तो चुकलेला नसतो, त्यातल्या शब्दांचा अर्थ आपल्यापर्यंत पोहोचलेला नसतो. तो कसा वाचायचा, हे समजून घेऊया.

मार्चमध्येच असं का होतं?

या दिवसांत ऊन वाढतं, जमीन लवकर तापते. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे वारे सोबत बाष्प आणतात. हे दोन्हीकडचे वारे विदर्भ, मराठवाडा किंवा मध्य महाराष्ट्रावर एकमेकांना भिडले की दमट हवा वेगाने वर जाते. त्याच वेळी उत्तरेतून पश्चिमी विक्षोभ जात असेल, तर वरच्या थरात थंड हवा असते. खाली तापलेली दमट हवा आणि वर थंड हवा, अशी स्थिती झाली की दुपारनंतर तासा-दोन तासांत ढग उंच चढतात. मग वीज, सोसाट्याचा वारा आणि गारा.

२०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात झालेली गारपीट शेतकरी आजही विसरलेले नाहीत. काढणीला आलेला गहू, हरभरा आणि द्राक्षबागा तेव्हा आडव्या झाल्या होत्या.

चार शब्द, चार अर्थ

हवामान विभाग महाराष्ट्राचा अंदाज चार उपविभागांत देतो : कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. अंदाजातले शब्द पाऊस किती भागात पडेल, ते सांगतात.

• तुरळक ठिकाणी : त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर
• काही ठिकाणी : २६ ते ५० टक्के
• बऱ्याच ठिकाणी : ५१ ते ७५ टक्के
• बहुतांश ठिकाणी : ७५ टक्क्यांहून जास्त

म्हणजे ‘तुरळक’ हा शब्द जागेबद्दल आहे, जोराबद्दल नाही. चार गावांपैकी तीन कोरडी राहतील आणि चौथ्या गावात बाग झोडपली जाईल, तरी अंदाज बरोबरच ठरतो. आपलं गाव कोणतं, हे चार दिवस आधी कुणीच सांगू शकत नाही.

रंगांचा अर्थ

हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. रंग ठरवताना घटनेची शक्यता आणि तिचा परिणाम, दोन्ही पाहिलं जातं. त्यामुळे पिवळा रंग दिसला की ‘काही होत नाही’ असं समजू नका. वीज पडायला एक ढग पुरेसा असतो.

सातही दिवस सारखे नसतात

आठवड्याच्या अंदाजातले पहिले दोन-तीन दिवस जास्त भरवशाचे असतात. चौथ्या दिवसापासून पुढचा भाग कल म्हणून वाचायचा. त्यामुळे रविवारी पाहिलेला अंदाज शनिवारपर्यंत धरून बसू नये, तो रोज बदलतो. ढग प्रत्यक्ष तयार झाले की पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा येतो, आणि जिवाच्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा. आसपास वीज पडतेय का, हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेच्या ‘दामिनी’ अ‍ॅपवर दिसतं. शेतकऱ्यांसाठीचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो ‘मेघदूत’ अ‍ॅपवर मराठीत मिळतो.

उष्णतेचा आकडा फसवा असतो

उष्णतेची लाट जाहीर करायला ठरलेले निकष आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवं, किनारपट्टीवर ३७. शिवाय ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी तरी जास्त हवं. पारा ४५ वर गेला, तर सरासरी न बघताही लाट धरली जाते.

मुंबई आणि कोकणात सगळा खेळ समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याचा. तो सकाळी अकरा-बाराला सुटला तर बरं. जमिनीकडून येणाऱ्या पूर्वेच्या वाऱ्याने त्याला अडवून धरलं, की दुपारी पारा झपाट्याने चढतो.

पण शरीराला फक्त पारा कळत नाही, दमटपणाही कळतो. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरमध्ये भर उन्हातल्या सरकारी कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. म्हणून ‘लाट जाहीर झालेली नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा घेऊ नये.

भिवंडी-मालेगावात पत्र्याच्या शेडखाली यंत्रमाग चालतात, तिथे बाहेरच्यापेक्षा जास्त उकडतं. जुम्याची नमाज दुपारच्या कडक उन्हाच्या वेळेतच येते. मशिदीच्या अंगणात आणि रस्त्यावर सफा लागतात, तिथे कापडी मंडप आणि पिण्याच्या पाण्याची सोय मार्चपासूनच करायला हवी, मे महिन्याची वाट बघू नये.

मग आठवडा कसा आखायचा?

हिशेब साधा आहे. इशारा खोटा ठरला तर काय जाईल आणि खरा ठरला तर काय जाईल, हे समोर ठेवायचं. काढलेल्या कांद्यावर ताडपत्री टाकायला तासभर लागतो. भिजलेला कांदा मात्र चाळीत सडतो. त्यामुळे पिवळ्या इशाऱ्यालाही ताडपत्री तयार ठेवणं परवडतं. काढणी पुढे ढकलायची की नाही, हे मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज बघूनच ठरवा. गहू, हरभरा कापून शेतात पडला असेल तर आधी तो झाका. गारपीट झालीच, तर शेताचे फोटो काढून ठेवा आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याला लगेच कळवा.

विजा चमकत असतील तर झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. उन्हाची कामं दुपारी १२ ते ३ सोडून करा. उन्हात काम करणारा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचं अंग तापून भोवळ आली, तर त्याला सावलीत आणा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

आणि तो मेसेज पुढे पाठवायच्या आधी त्यावरची तारीख बघा. मागच्या वर्षीचा इशाराही दर मार्चमध्ये नव्याने फिरतो.