थकते ती डिस्क, संगणक नव्हे

जुना संगणक संथ झाला की घरी, कचेरीत किंवा डीटीपी सेंटरमध्ये एकच निदान ऐकू येते: मशीन जुने झाले, आता नवे घ्या. हे निदान बहुतेक वेळा घाईचे असते. प्रोसेसर वर्षागणिक मंद होत नाही. धुळीने पंखा चोंदला किंवा थर्मल पेस्ट सुकली तर तो तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो, पण साफसफाई केली की पूर्ववत चालतो. रॅमचाही वेग वापराने घटत नाही. संगणकात खऱ्या अर्थाने झिजणारा आणि आजच्या कामाला अपुरा पडणारा भाग बहुधा एकच असतो, तो म्हणजे फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. ती पेटीच्या आत असल्यामुळे तिचा दोष सगळ्या यंत्राच्या माथी मारला जातो. ऑपरेटिंग सिस्टिम बाहेरून जोडलेल्या एसएसडीवर टाकायची आणि संगणक तिथूनच सुरू करायचा, हा या दुखण्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. शिवाय तो पटला नाही तर केबल काढून संगणक पूर्वीसारखा करता येतो. यंत्र भंगारात देण्याआधी हा उपाय करून पाहिलाच पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

अॅपलच्या आयमॅकचे उदाहरण घेतले की मुद्दा स्पष्ट होतो. २०१२च्या अखेरीस साडेएकवीस इंची आयमॅकची नवी रचना बाजारात आली. कडा जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची, आत चार कोअरचा इंटेल आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि उत्तम पडदा. पण या सगळ्याच्या जोडीला मूळ किमतीत मिळत होती ती मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणारी, लॅपटॉपच्या मापाची एक टेराबाइटची हार्ड डिस्क. पुढची अनेक वर्षे अॅपलने हीच जोडी विकली. २०१९ साली आलेल्या साडेएकवीस इंची आयमॅकच्या मूळ आवृत्तीतही फिरती डिस्कच होती, आणि सगळ्या आयमॅकमध्ये एसएसडी मूळ किमतीत मिळू लागली ती ऑगस्ट २०२०मध्ये. अधेमधे फ्यूजन ड्राइव्ह नावाची तडजोड होती. तिच्यात फिरत्या डिस्कला थोडीशी फ्लॅश मेमरी जोडलेली असे. सुरुवातीला ही मेमरी १२८ जीबी होती, २०१५मध्ये एक टेराबाइटच्या मॉडेलसाठी ती २४ जीबीवर आणली गेली. म्हणजे प्रोसेसर पुढे जात राहिला आणि त्याला माहिती पुरवणारी डिस्क होती तिथेच राहिली. आज ‘जुने झाले’ म्हणून कोपऱ्यात पडलेले अनेक आयमॅक मुळात पहिल्या दिवसापासून या असमतोलाने ग्रासलेले होते.

हा असमतोल किती मोठा आहे ते साध्या गणिताने कळते. मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या. एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी ते डोके योग्य वर्तुळावर सरकायला साधारण १२ मिलिसेकंद जातात. एका ठिकाणची माहिती उचलायला असे १७-१८ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला ६०च्या आसपास ठिकाणे वाचून होतात. संगणक सुरू होताना किंवा मोठे सॉफ्टवेअर उघडताना हजारो छोट्या फाइली डिस्कभर विखुरलेल्या असतात. विखुरलेले दहा हजार तुकडे वाचायचे ठरवले तर निव्वळ वाट पाहण्यात पावणेतीन मिनिटे जातात. एसएसडीत फिरणारे काही नसते. यूएसबीचा विलंब जमेस धरूनही एक तुकडा वाचायला तिला मिलिसेकंदाचा छोटासा अंश पुरतो, आणि तेच दहा हजार तुकडे दोन-तीन सेकंदांत उचलले जातात. हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात सिस्टिम काही माहिती आधीच वाचून ठेवते आणि रॅममध्ये जपते, त्यामुळे फरक इतका टोकाचा दिसत नाही. पण त्याची दिशा आणि त्याचे प्रमाण यांविषयी शंका घ्यायला जागा नाही.

त्यात सॉफ्टवेअरने भर घातली. २०१७च्या हाय सिएरा या आवृत्तीपासून मॅकवर एपीएफएस ही नवी फाइल व्यवस्था आली आणि २०१८च्या मोहावेपासून ती फिरत्या डिस्कवरही लागू झाली. ही व्यवस्था फ्लॅश मेमरी डोळ्यांसमोर ठेवून रचलेली आहे. फाइलीत बदल झाला की जुन्या जागी न लिहिता ती नव्या जागी लिहिते, आणि फाइलींच्या नोंदीही हळूहळू डिस्कभर पसरत जातात. एसएसडीला या पसाऱ्याने काही फरक पडत नाही; फिरत्या डिस्कच्या डोक्याला मात्र प्रत्येक नोंदीसाठी धावाधाव करावी लागते. ‘अपडेट केल्यापासून मशीन स्लो झाले’ ही तक्रार म्हणूनच वापरणाऱ्यांचा भ्रम नाही. मशीन तेच आहे, त्याच्या डिस्ककडून होणारी अपेक्षा बदलली.

मग आतली डिस्कच का बदलू नये, हा पहिला आणि रास्त आक्षेप. जिथे ते सोपे आहे तिथे जरूर बदलावी. बहुतेक जुन्या विंडोज लॅपटॉपमध्ये खालचे पाच-दहा स्क्रू काढले की डिस्क हाती येते. तिथे बाहेरची डिस्क लटकवत बसण्यात अर्थ नाही. पण २०१२नंतरच्या आयमॅकचा पडदा डिंकाच्या पट्ट्यांनी चिकटवलेला आहे. तो उघडायचा तर पातळ चाकाने पट्ट्या कापायच्या, काच न तडकवता पडदा उचलायचा, आत उघड्या असलेल्या पॉवर सप्लायपासून हात जपायचे आणि शेवटी नव्या पट्ट्या लावून सगळे पुन्हा बसवायचे. कुशल कारागीर हे करतो. मात्र त्याची मजुरी आणि पडदा फुटण्याचा धोका, दोन्ही नव्या डिस्कच्या किमतीच्या मानाने जड पडतात. बाहेरची एसएसडी पडद्याच्या मागे जोडली की काम झाले. ती एपीएफएसमध्ये आणि जीयूआयडी पार्टिशन पद्धतीने फॉरमॅट करायची, तिच्यावर मॅकओएस टाकायची, मायग्रेशन असिस्टंटने जुना पसारा आणायचा, सिस्टिम प्रेफरन्सेसमधल्या स्टार्टअप डिस्क या भागात तिला निवडायचे आणि रीस्टार्ट करायचे. एकदा नुसते करून पाहायचे असेल तर सुरू होताना ऑप्शन कळ दाबून ठेवली की कुठल्या डिस्कवरून उठायचे ते यंत्रच विचारते. आतल्या डिस्कला हातही लागत नाही.

दुसरा आक्षेप केबलच्या वेगाचा. बाहेरून जोडलेली डिस्क आतल्या डिस्कपेक्षा वेगवान कशी असेल, असे कुणालाही वाटणे स्वाभाविक आहे. २०१२नंतरच्या आयमॅकला यूएसबी ३ आहे. त्याची कागदावरची क्षमता सेकंदाला ५ गिगाबिट, आणि चांगल्या केसिंगमधली एसएसडी त्यातून प्रत्यक्षात ४०० मेगाबाइटच्या आसपास काढते. आतली फिरती डिस्क सलग वाचनातही साधारण १०० मेगाबाइटच देते. म्हणजे अरुंद जागा केबलची नाही, तबकडीची आहे. २००९ ते २०११च्या यंत्रांत यूएसबी २ आहे, तिथे सलग वेग ३५ मेगाबाइटच्या आसपास अडतो आणि मोठा व्हिडिओ हलवताना आतली डिस्क पुढे जाते. तिथेही विखुरलेल्या छोट्या फाइलींच्या वाचनात एसएसडीच सरस ठरते, पण या पिढीसाठी मी बाहेरच्या डिस्कची शिफारस हात राखून करेन. फायरवायर ८०० किंवा २०११चे थंडरबोल्ट पोर्ट मोकळे असेल तर ते वापरावे. या यंत्रांची काच केवळ चुंबकांनी धरलेली असते, त्यामुळे आत डिस्क बसवणेही तितके अवघड नाही.

खरे धोके वेगळे आहेत आणि ते लपवू नयेत. केबल काम चालू असताना निसटली तर सिस्टिमच पायाखालून निघून जाते. म्हणून केबल आखूड हवी, पोर्ट संगणकाचाच हवा, मधे स्वस्त हब नको. पेन ड्राइव्ह ही एसएसडी नव्हे. ती सिस्टिमच्या सततच्या लहानसहान लिखाणाने तापते, अडखळते आणि लवकर मरते, आणि हा उपाय ‘चालत नाही’ असे सांगणाऱ्या अनेकांनी तो पेन ड्राइव्हवर करून पाहिलेला असतो. यूएसबीवरच्या एसएसडीला मॅकओएस सहसा ट्रिम ही आज्ञा पाठवत नाही, म्हणजे कुठल्या जागा रिकाम्या झाल्या ते डिस्कला कळत नाही. पाचव्या हिश्श्याइतकी जागा मोकळी ठेवली तर घरगुती वापरात याचा त्रास जाणवत नाही. सर्वांत दुर्लक्षित धोका चोरीचा. खिशात मावणारी डिस्क कुणीही काढून नेऊ शकतो आणि लॉगिनचा पासवर्ड दुसऱ्या संगणकावर तिचे रक्षण करत नाही. म्हणून फाइलव्हॉल्ट चालू करून ती कूटबद्ध करणे मी ऐच्छिक मानत नाही. आणि मोकळ्या झालेल्या आतल्या डिस्कवर एकुलता एक बॅकअप ठेवू नये. दहा वर्षे फिरलेल्या तबकडीवर तेवढा भरवसा टाकणे बरोबर नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे. डिस्क वेगवान झाली म्हणून सिस्टिम नवी होत नाही. २०१२ आणि २०१३चे आयमॅक अधिकृतपणे कॅटालिनाच्या पुढे जात नाहीत, आणि कॅटालिनाचे सुरक्षा अपडेट २०२२मध्ये थांबले. अशा सिस्टिमवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र या अडचणीतून वाट काढतानाही बाहेरची डिस्कच उपयोगी पडते, कारण एकाच यंत्राला दोन वेगळ्या सिस्टिम देता येतात. एका डिस्कवर लिनक्स मिंटसारखी अद्ययावत सिस्टिम इंटरनेटसाठी ठेवता येते. आयमॅकच्या वायफायला बहुधा ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, एवढीच अडचण. दुसऱ्या डिस्कवर मोहावे ठेवता येते, जिच्यावर इंटरनेट बंद. मोहावेच का? कारण २०१९च्या कॅटालिनाने ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणे सोडले. मराठी प्रकाशन व्यवसायाला याची थेट झळ बसते. २०१२च्या इनडिझाइन सीएस-६मध्ये मराठीसह भारतीय भाषांच्या मजकुराची जुळणी करण्याची सोय आली, आणि सीएस-६ ही मालिका एकदाच पैसे भरून कायमची मिळत होती. त्यानंतर अॅडोबी मासिक-वार्षिक वर्गणीकडे वळली. मॅकवरचे ते इनडिझाइन ३२-बिट होते. ज्यांच्याकडे त्यात लावलेली पुस्तके पडून आहेत, त्यांना ती तशीच उघडायची असतील तर मोहावे किंवा त्याआधीची सिस्टिम आणि ती चालवणारे जुने यंत्र लागतेच. अशा वेळी जुना संगणक म्हणजे त्या मजकुराची किल्ली असतो.

विंडोजच्या बाबतीत चित्र कमी अनुकूल आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, विंडोज ११ला टीपीएम २.० आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि बाहेरच्या डिस्कवरून चालणारी ‘विंडोज टू गो’ ही सोय मायक्रोसॉफ्टने २०२०मध्ये काढून टाकली. तिथे बाहेरून सुरू करायचे तर व्यवहार्य मार्ग लिनक्सचाच. पण त्यात एक मोठी सोय आहे: आतल्या विंडोजला धक्का न लावता महिनाभर लिनक्स वापरून पाहता येते आणि मगच निर्णय घेता येतो.

या सगळ्याचा संबंध केवळ पैसे वाचवण्याशी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांनी २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला एक चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. भारत हा कचरा निर्माण करणाऱ्या पहिल्या काही देशांत आहे. चांगला पडदा, चांगला प्रोसेसर आणि चांगला पॉवर सप्लाय असलेले यंत्र एका डिस्कपायी या ढिगात जाणे मला अक्षम्य वाटते.

म्हणूनच पुढची दिशा काळजी वाढवणारी आहे. २०१७च्या आयमॅक प्रोपासून आलेल्या टी-२ या सुरक्षा चिपच्या मॅकमध्ये बाहेरच्या डिस्कवरून सुरू होणे मुळात बंद असते. स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीत जाऊन ते चालू करावे लागते, आणि तिथे पोचायला आतली सिस्टिम जिवंत असावी लागते. नोव्हेंबर २०२०पासून आलेल्या अॅपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकमध्ये बंधन आणखी घट्ट आहे. बाहेरून सिस्टिम चालवता येते, पण सुरुवातीचा टप्पा आतल्या साठवणीतूनच होतो. ती साठवण मेली तर बाहेरची डिस्क कितीही चांगली असो, यंत्र उठत नाही. यामागे चोराला किंवा घुसखोराला रोखण्याचे कारण दिले जाते आणि ते खोटे नाही. लॅपटॉप हरवला तर ही व्यवस्था माहिती खरोखर वाचवते. पण माहितीचे रक्षण कूटबद्धतेने होते. मालकाने स्वतःची ओळख पटवून, आतली माहिती पुसली जाईल हे मान्य करून, आपले यंत्र दुसऱ्या डिस्कवरून सुरू करायचे म्हटले तर त्याला अडवण्याने कुणाचीही माहिती अधिक सुरक्षित होत नाही. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी पोर्टलही सुरू केले. सुटे भाग आणि मॅन्युअल मिळण्याची चर्चा तिथे होते, ती व्हायलाच हवी. त्याच चर्चेत संगणकासाठी आणखी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे: आतली साठवण निकामी झाल्यावर हे यंत्र बाहेरून सुरू होते का? उत्तर खोक्यावर छापलेले असावे, म्हणजे ग्राहक पैसे मोजण्याआधी ते वाचू शकेल. आणि ज्यांच्याकडे आज टी-२ चिपचा, २०१७ ते २०२०मधला इंटेल मॅक आहे, त्यांनी आतली डिस्क धडधाकट असतानाच कमांड आणि आर दाबून रीस्टार्ट करावे आणि बाहेरून सुरू होण्याची परवानगी चालू करून ठेवावी.