ग्रहणकालीन दानलेख : श्रद्धा आणि गणित

ग्रहणकालीं दिलेलें दान विशेष पुण्यप्रद होतें, या श्रद्धेनें आपल्याकडील राजांनीं व सामंतांनीं अनेक गांवें व जमिनी दिल्या. त्यामुळें ताम्रपटांत व शिलालेखांत सूर्यग्रहणाचा किंवा चंद्रग्रहणाचा उल्लेख वारंवार आढळतो. हा उल्लेख केवळ धार्मिक समजून पुढें जाणें संशोधकास परवडणारें नाहीं.

ग्रहणाचें कारण आपल्या ज्योतिषांस अज्ञात नव्हतें. चंद्र सूर्यास झांकतो व भूछाया चंद्रास झांकते, असें आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास स्पष्ट सांगितलें. ब्रह्मगुप्तानें (शके ५५०) गणित छायेचेंच दिलें. परंतु राहु न मानणाऱ्यांस वेदस्मृतिविरोधी म्हणून दोष दिला. इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरूणीनें याबद्दल त्याच्यावर टीका केली असून, खरें ठाऊक असतांही तो लोकमतापुढें नमला, असा संशय व्यक्त केला आहे.

भास्कराचार्यानें सिद्धांतशिरोमणींत (शके १०७२) प्रश्नाची उकल अधिक व्यवस्थित केली आहे. चंद्रग्रहणाचा स्पर्श बिंबाच्या पूर्वेकडून होतो, सूर्यग्रहणाचा पश्चिमेकडून. अर्धग्रस्त चंद्राचीं शृंगें बोथट दिसतात, सूर्याचीं तीक्ष्ण. अर्थात् चंद्रास झांकणारी वस्तु मोठी व सूर्यास झांकणारी लहान असली पाहिजे. दोन्ही ठिकाणीं एकच राहु असता तर हा भेद पडता ना. इतकें सांगून, ब्रह्मदेवाच्या वरानें राहु भूछायेंत व चंद्रबिंबांत प्रवेश करतो, असा पुराणांशीं मेळही तो घालतो. या मेळामुळें गणितांत मात्र एका पळाचाही फरक पडत नाहीं. शिवाय स्नानदानास स्पर्श व मोक्ष यांची वेळ नेमकी लागे. म्हणजे धर्मकृत्यासच गणिताची गरज होती.

या संबंधाचें उत्तम उदाहरण चाळीसगांवाजवळील पाटण येथील, डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणलेला शिलालेख होय. भास्कराचार्याचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला व त्यास निकुंभवंशीय सोइदेवानें दान दिलें. ज्या शास्त्रानें ग्रहण ही छाया ठरविली त्याच्या अध्यापनासाठींच हें दान चंद्रग्रहणाचें पर्व साधून दिलेलें आहे. मिति शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा. परंतु दक्षिणेकडील गणनेनें प्रभव संवत्सर गत शके ११२९ मध्यें येतो. दोन वर्षांपैकीं खरें कोणतें? श्रावणी पौर्णिमेस चंद्रग्रहण ९ ऑगस्ट १२०७ रोजीं घडलें, आणि तें प्रभव संवत्सरांतच पडतें. तेव्हां संवत्सर बरोबर असून शकाचा आंकडा एकानें कमी पडला आहे, असें मानावें लागतें. ग्रहणाचा उल्लेख नसता तर हा निर्णय अवघड होता.

तथापि कांहीं सावधगिरी अवश्य आहे. गणितानें आलेलें ग्रहण त्या स्थळीं दिसलेंच असेल असें नाहीं. दान ग्रहणकालीं होऊन पट मागाहून कोरला गेला असणें शक्य आहे. आणि ग्रहण मुळींच जुळत नसेल तर पट बनावट असण्याचा संशय घ्यावा, पण तेवढ्यावरूनच निकाल देऊं नये. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, नक्कल उतरून घेतांना तिथि, वार, संवत्सर व ग्रहण हीं चारी अंगें मुळांत असतील तशींच, न सुधारतां, उतरावींत. चुकलेला वाटणारा आंकडाही पुढें प्रमाण ठरूं शकतो.