अवरक्त काच : तंतू आणि पातळ पटल यांचे प्रकाशीय गुणधर्म

दूरसंचाराचा प्रकाशतंतू आपल्या परिसराला नवा नाही. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद येथे तो तयार होतो. हा तंतू सिलिकाचा, म्हणजेच सिलिकॉन डायऑक्साइडच्या काचेचा असतो. 1.55 मायक्रोमीटर तरंगलांबीस त्यातील क्षीणन प्रतिकिलोमीटर सुमारे 0.2 डेसिबल इतके अल्प असते. म्हणजे एक किलोमीटर प्रवासानंतरही सुमारे 95 टक्के प्रकाश शिल्लक राहतो. मात्र तरंगलांबी 2 मायक्रोमीटरच्या पलीकडे गेली की याच काचेतील क्षीणन झपाट्याने वाढू लागते आणि थोड्याच अंतरात तंतू निरुपयोगी ठरतो.

ही मर्यादा केवळ सैद्धांतिक नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेत दूध आणि साखर यांचे स्थान सर्वज्ञात आहे. दुधातील स्निग्धांशाचे ठळक शोषण सुमारे 5.7, प्रथिनांचे 6.5 आणि लॅक्टोजचे 9.6 मायक्रोमीटर तरंगलांबीस होते. दुधाचे अवरक्त विश्लेषण करणारी उपकरणे मुख्यतः याच पट्ट्यांवर आधारलेली आहेत. उसाच्या रसातील साखरेचे प्रमुख पट्टेही 10 मायक्रोमीटरच्या आसपास येतात. मानवी शरीराचे तापमान 310 केल्विन धरल्यास वीनच्या नियमानुसार त्याच्या उष्णता-प्रारणाचे शिखर 9.35 मायक्रोमीटरला येते. रणगाड्यांतील उष्णतादर्शक दुर्बिणी 8 ते 12 मायक्रोमीटर या वातावरणीय खिडकीत काम करतात ते यामुळेच. जेथे आर्मर्ड कोअरचे केंद्र आहे त्या नगर शहरात याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. या सर्व तरंगलांबींना सिलिका अपारदर्शक आहे.

अपारदर्शकतेचे कारण अणूंच्या कंपनांत आहे. दोन अणूंमधील बंध स्प्रिंगसारखा मानला, तर कंपनाची वारंवारता बंधाच्या ताठरपणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि अणूंच्या क्षपित वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. सिलिकॉन–ऑक्सिजन बंध ताठर आणि ऑक्सिजन हलका, म्हणून मूळ कंपन 9 मायक्रोमीटरच्या आसपास येते. त्याच्या बहुगुणित व संयुक्त कंपनांचे शोषण पार 2 मायक्रोमीटरपर्यंत पसरते. पारदर्शकतेची सीमा पुढे ढकलावयाची तर अणू जड आणि बंध सैल हवेत.

पहिला मार्ग फ्लोराइड काचांचा. झिर्कोनियम, बेरियम, लँथॅनम, ॲल्युमिनियम व सोडियम यांच्या फ्लोराइडांपासून बनणारी झिब्लान काच ही या कुळातील सर्वपरिचित. झिर्कोनियम फ्लोराइडवर आधारलेल्या काचांचा शोध 1970च्या दशकाच्या मध्यास फ्रान्समधील रेन येथे लागला. सिद्धांतानुसार 2.5 मायक्रोमीटरच्या आसपास तिचे क्षीणन सिलिकाच्या एकदशांशाहूनही कमी असावयास हवे. प्रत्यक्षात तंतू ओढताना सूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि त्यांवरून प्रकाश विखुरतो. गुरुत्वाच्या अभावी हे स्फटिकीभवन रोखता येते, या अपेक्षेने 2024 साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर अनेक किलोमीटर झिब्लान तंतू ओढण्यात आला. तथापि, या काचेचा तंतू 4 मायक्रोमीटरच्या फारसा पुढे जात नाही. दुधाचे पट्टे त्याच्याही पलीकडे आहेत.

दुसरा मार्ग चॅल्कोजेनाइड काचांचा. येथे ऑक्सिजनची जागा गंधक, सेलेनियम किंवा टेल्युरियम घेतात. आर्सेनिक सल्फाइडचा तंतू सुमारे 6, आर्सेनिक सेलेनाइडचा 9 आणि टेल्युरियमयुक्त तंतू 12 मायक्रोमीटरच्या आसपासपर्यंत प्रकाश वाहून नेतो. आर्सेनिक सल्फाइडच्या तंतूंवरील आरंभीचे काम 1965 साली प्रसिद्ध करणाऱ्यांत नरिंदरसिंग कपानी हे भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. या तंतूंचे क्षीणन मात्र किलोमीटरमागे नव्हे, मीटरमागे मोजावे लागते. अशुद्धीतील हायड्रोजन हा येथला खरा शत्रू होय : हायड्रॉक्सिल गट 2.9, गंधक–हायड्रोजन बंध 4.0 आणि सेलेनियम–हायड्रोजन बंध 4.5 मायक्रोमीटरच्या सुमारास शोषण करतो.

आता पातळ पटलांकडे, म्हणजेच थिन फिल्मकडे वळू. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांत या विषयावर पुष्कळ काम होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने रासायनिक निक्षेपणाची जी परंपरा निर्माण केली तिचा यात मोठा वाटा आहे. पद्धत स्वस्त आहे, निर्वात यंत्रणा लागत नाही आणि कॅडमियम सल्फाइड, झिंक सल्फाइड यांची पटले चंचुपात्रातही मिळतात. मात्र प्रकाशीय मापन बहुधा 1100 नॅनोमीटरपाशी थांबते. टॉकचा आलेख काढावयाचा, ऊर्जा-अंतर सांगावयाचे, आणि शोधनिबंध पूर्ण. पदार्थाच्या खिडकीची ही केवळ लघुतरंग बाजू होय; दीर्घतरंग बाजूविषयी त्यातून काहीच कळत नाही.

पटलावर ती सहसा मोजताही येत नाही, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. पटलाची जाडी 300 नॅनोमीटर आणि शोषण गुणांक प्रतिसेंटिमीटर 10,000 असेल, तर दोहोंचा गुणाकार 0.3 येतो, परावर्तन वगळता 74 टक्के प्रकाश पार जातो. हे मापन सुलभ आहे. उलट, प्रतिमीटर 1 डेसिबल क्षीणनाच्या तंतूत शोषण गुणांक प्रतिसेंटिमीटर केवळ 0.0023 असतो. त्याच पदार्थाच्या पटलात हा गुणाकार एक कोटीत एक भागाहूनही कमी भरेल. कोणताही नेहमीचा वर्णपटमापक तो ओळखू शकणार नाही. तीव्र शोषणासाठी पटल आणि क्षीण शोषणासाठी तंतू, अशी ही विभागणी आहे. पटलातून अपवर्तनांक मात्र उत्तम मिळतो : व्यतिकरणाच्या शिखर-दऱ्यांवरून तो व जाडी काढण्याची स्वानपोल यांची 1983 सालची पद्धत आजही प्रमाण मानली जाते. त्यासाठी पटल पुरेसे जाड व एकसारखे हवे, अन्यथा शिखरेच दिसत नाहीत.

अपवर्तनांकाचे व्यावहारिक मोल परावर्तनात आहे. आर्सेनिक सल्फाइडचा अपवर्तनांक सुमारे 2.4 असल्याने प्रत्येक पृष्ठभागावर 17 टक्के प्रकाश परत फिरतो. उष्णतादर्शकातील जर्मेनियम भिंगाचा अपवर्तनांक 4 असल्याने परावर्तन 36 टक्के होते आणि बहुपरावर्तन जमेस धरूनही एका भिंगातून जेमतेम 47 टक्के प्रकाश पार जातो. त्यावर 2.2 अपवर्तनांकाच्या झिंक सल्फाइडचे पाव तरंगलांबीचे पटल चढविले, तर परावर्तन 1 टक्क्याच्या आसपास येते. 10 मायक्रोमीटरसाठी ही जाडी 1.14 मायक्रोमीटर भरते. आपल्या चंचुपात्रातील झिंक सल्फाइड येथे चालेल काय? साधारणतः नाही. एका बुडवणीत जाडी काहीशे नॅनोमीटरच मिळते आणि जलीय द्रावणातून आलेले हायड्रॉक्साइड पटलात अडकून राहते. म्हणून भिंगांसाठी निर्वात बाष्पीभवनाचाच अवलंब करतात. तरीही अनेक बुडवण्या देऊन जाडी वाढविणे, निष्क्रिय वायूत तापवून पाणी काढणे आणि 2.9 मायक्रोमीटरचा पट्टा किती घटला हे एफटीआयआर यंत्रावर पाहणे, एवढे काम पदव्युत्तर प्रकल्पाच्या आवाक्यातील आहे. अट एकच : आधारासाठी नेहमीची काचपट्टी न घेता सिलिकॉनची चकती घ्यावी, कारण काचपट्टी स्वतःच त्या टापूत अपारदर्शक असते.